पेनगेली छापाचा सापळा

अर्न पेनगेलीला किळस फार लवकर यायची. दुधावर साय धरली की कप बाजूला, ताटातल्या मटणावर माशी टेकली की ताट बाजूला. आणि वांडिलीत तर उन्हाळ्यात बोलायला तोंड उघडलं की शब्द बाहेर यायच्या आधी माशी आत जायची. असल्या गावात असल्या माणसाचं हसं व्हायला कितीसा वेळ लागणार? त्याचा बाप चारचौघांत म्हणायचा, "आमचं हे कार्टं राजवाड्यात जायचं होतं. वाट चुकून इकडे आलं."

बाप सापळेवाला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात पीटरबरोच्या उत्तरेला गहू एखाद्या वर्षी पिकतो आणि पुढची कित्येक वर्षं तोंडाला पानं पुसतो. त्या वर्षांत घरं सशांवर चालत. मांस शहरात जाई, कातडी टोप्या करणाऱ्यांकडे जात, आणि उरेल ते घरच्या पातेल्यात. सशाला तिकडे सगळे 'बिळातलं मटण' म्हणत. बिळाच्या तोंडाशी दातेरी लोखंडी सापळा मातीत पुरून ठेवायचा, सशाचा पाय पडला की जबडे मिटायचे, आणि सापळेवाला येईपर्यंत ससा ओरडत राहायचा. ससा जन्मभर मुका असतो. त्याचा आवाज माणसाला ऐकू येतो तो तिथंच. कधी कधी सापळ्यात नुसता पाय मिळायचा. उरलेला ससा तो पाय कुरतडून निघून गेलेला असायचा. लहानपणी ते पाय जबड्यातून सोडवून फेकायचं काम अर्नकडे होतं.

पुढे लोक म्हणत की अर्नला सशांची दया येते. तो भडकायचा. दया वगैरे काही नाही, ससा हा उकिरड्यावरचा उंदीर आहे, फक्त कान लांब, असं तो म्हणायचा. त्याला सहन होत नसे ते हे ओलं, लटकणारं, अर्धवट काम. मारायचं तर मारा, पण ही घाण कशाला?

बापाचा धंदा त्यानं घेतला नाही. तो पवनचक्क्या दुरुस्त करू लागला. शेतोशेत हिंडायचं, उंच चढून पाती सरळ करायची, पंप उघडून बसवायचे. वर हवा स्वच्छ असते, असं तो बायकोला सांगायचा. घरी आला की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठोकाठोकी. घोड्यावरून न उतरता कोपराच्या धक्क्यानं उघडेल अशी फाटकाची कडी त्यानं काढली आणि तिचं पेटंट घेतलं. मग पंपाच्या दट्ट्याचं झिजलेलं चामडं सगळी नळी वर न ओढता बदलायची युक्ती काढली, तिचंही पेटंट घेतलं. दोन्ही वेळा सरकारी शिक्क्याचे सुंदर कागद आले, आणि दोन्ही वेळा आसपासच्या लोहारांनी त्याला न विचारता त्या वस्तू करून विकल्या. त्याची बायको ड्युल्सी म्हणायची, "तुझ्या डोक्यानं सगळ्या जगाचं भलं होतं. फक्त आपल्या घराचा पत्ता त्याला सापडत नाही."

तिसरं पेटंट सापळ्याचं.

त्यावर तो बरीच वर्षं खपला. जुन्या सापळ्याची पट्टीची स्प्रिंग काढून त्यानं वेटोळ्याची स्प्रिंग बसवली, जुनीपेक्षा कितीतरी जोरकस. चाप इतका हलका केला की वाळलेलं पान पडलं तरी सुटावा. आणि खरी गोष्ट म्हणजे जबडे. ते उंच होते, सपाट होते, त्यांना दात नव्हते, आणि ते पाय सोडून थेट मानेवर मिटायचे. ससा चापावर आला की क्षणात संपला. ओरडणं नाही, कुरतडणं नाही. पहिला ससा असा मेला तेव्हा अर्न त्याच्यापाशी उकिडवा बसून राहिला. जनावर झोपल्यासारखं पडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मेलेला ससा हातात घेतला आणि लगेच हात धुवायला धावला नाही.

मंदीचे दिवस होते. निम्मं गाव बेकार होऊन सशांमागे लागलं होतं. अशात ॲडलेडच्या एका कारखान्याचे स्पर्जन नावाचे गृहस्थ मोटारीनं आले, सापळा पाहिला, आणि स्प्रिंगवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले की आम्ही हक्क विकत घेतो. करारात एक ओळ होती की मालात योग्य त्या सुधारणा करायची मुभा कारखान्याला राहील. अर्ननं ती वाचली. सुधारणा म्हटल्यावर त्याला वाटलं, रंग लावतील, नाहीतर साखळी लांब करतील. त्यानं सही केली. ड्युल्सीला पावसाच्या पाण्याची नवी टाकी मिळाली आणि शिवणयंत्र मिळालं, आणि कित्येक वर्षांनी ती काम करताना गुणगुणायला लागली.

वर्षभरानं मॅक हॅलोरन वाटेत भेटला. मॅक हा अर्नच्या बापाचा शेजारी, अंगापिंडानं आडवा, दात पडलेला, मनानं चांगला. त्याच्या खांद्यावर नवे कोरे सापळे लोंबत होते. त्यानं एक काढून अर्नच्या हातात दिला. चापाच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत 'पेनगेली' असं ठोकलेलं होतं.

"तुझं नाव खांद्यावर घेऊन फिरतोय, गड्या," मॅक म्हणाला. "असा सापळा उभ्या जन्मात पाहिला नाही."

अर्ननं सापळा उलटा करून पाहिला. स्प्रिंग त्याची होती, चाप त्याचा होता. जबडे मात्र जुनेच, बुटके आणि दातेरी.

दुसऱ्या दिवशी तो मॅकबरोबर सापळ्यांच्या रांगेवर गेला. त्याला पाहायचंच होतं. जुन्या सापळ्यात पाय अडकायचा; या सापळ्यात पायाचा चुरा होत होता. हाडाच्या बारीक काड्या कातडीतून बाहेर आलेल्या, आणि मुंग्यांनी त्या आधीच शोधलेल्या. एका सशाच्या दोन्ही पुढच्या पायांवर जबडा बसला होता आणि तो बसल्या जागी गोल गोल फिरून मातीत लाल वाटी कोरत होता. त्याचा आवाज संपला होता, तोंड तेवढं उघडमीट करत होतं. मॅकनं सराईतपणे त्याची मान मोडली आणि सापळा पुन्हा लावला. त्या खटक्यासरशी अर्न झुडपामागे जाऊन ओकला.

"जुन्यातून दहातले दोनतीन निसटायचे," मॅक त्याच्या पाठीवर हात फिरवत सांगत होता. "यातून एक माईचा लाल सुटत नाही. देव तुझं भलं करो."

अर्नला तो हात पाठीवरून झटकून टाकावासा वाटला. हाताला रक्त होतं म्हणून नव्हे, कौतुक होतं म्हणून.

तो आगगाडीनं ॲडलेडला गेला. स्पर्जननी त्याला मानानं बसवलं, चहा मागवला, बिस्किटं पुढे केली. कारखान्यात सापळ्यांचे ढीग होते आणि प्रत्येक सापळ्यावर त्याचं आडनाव होतं. अर्न म्हणाला की हा माझा सापळा नाही. स्पर्जननी समजूत घातली. उंच जबड्यांचा सापळा अवजड होतो, सापळेवाला पाठीवर किती वाहणार? शिवाय लोखंड जास्त लागतं. आणि गिऱ्हाइकाला दात लागतात. दात दिसले नाहीत तर त्याला वाटतं, आपल्याला खेळणं विकलं.

"मग माझं नाव काढा," अर्न म्हणाला.

"पेनगेली, अहो, नावावरच तर माल जातो."

"हे नाव त्या दातांचं नाही."

स्पर्जननी बिस्कीट चहात बुडवलं. ते वाईट माणूस नव्हते. आवाजात खरंच आपुलकी होती. "राग मानू नका," ते म्हणाले, "पण दात तर आम्ही पिढ्यान् पिढ्या लावतोय. तुमची स्प्रिंग नसती, तर त्या दातांनी केलं काय असतं?"

भिजलेलं बिस्कीट तुटून कपात पडलं, आणि स्पर्जननी ते चमच्यानं काढून खाल्लं. अर्न उठला. परतीच्या गाडीत त्याला राहून राहून तो चमचा आठवत होता, कारण त्या वाक्याचा विचार करण्यापेक्षा ते सोपं होतं.

घरी त्यानं ड्युल्सीला सगळं सांगितलं. ती शिवत होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, यंत्र थांबवलं आणि म्हणाली, "सही तू केलीस, अर्न. मी कर म्हटलं हेही खरं. आता टाकी परत द्यायची का?"

त्यानं बाहेर जाऊन टाकीची तोटी सोडली आणि पेला भरला. टाकीतलं पाणी गोड होतं.

त्या दिवसापासून त्यानं ससा खाणं सोडलं. त्या काळात, त्या गावात, हे म्हणजे श्वास घ्यायचा सोडल्यासारखंच. ड्युल्सी आपल्यापुरता रस्सा करायची आणि आधी जेवून घ्यायची. अर्न मागाहून पाव आणि काकवी खायचा. पातेलं घासलेलं असलं तरी वास राहायचा. एकाच टेबलावर दोन पाळ्या, आणि दोघांत बोलणं कमी कमी होत गेलं. गावात मात्र त्याचा भाव वाढला. दुकानात लोक जागा करून देत, दारूच्या गुत्त्यात कोणी ना कोणी त्याचा प्याला भरे. ज्यांनी त्याची कडी फुकट चोरली होती तेच आता 'आमचा अर्न' म्हणू लागले. त्या हसऱ्या तोंडांची त्याला शिसारी यायची. आणि आरशात दाढी करताना आपल्याही तोंडाची.

मार्चमधल्या शेतकी प्रदर्शनात त्याचा सत्कार ठरला. जिल्ह्यातला सर्वांत उपयुक्त शोध. तो नको म्हणत होता, पण ड्युल्सीनं नवा झगा शिवला होता. मंडपात पांढऱ्या चादरीच्या लांब टेबलावर बक्षिसाचे केक मांडले होते, शेजारी मुरंब्यांच्या बरण्या, आणि मधोमध पॉलिश केलेला एक सापळा, फीत बांधलेला. अध्यक्षांनी भाषण केलं. पेनगेलीनं या भागातल्या गरिबाच्या ताटात अन्न वाढलं, असं ते म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

अर्न पुढे गेला. प्रशस्तिपत्र त्यानं घेतलं नाही. मंडपातल्याच खाटकाच्या टेबलावरून मेंढीच्या पायाचं मांसल हाडूक उचललं, सापळ्याची फीत सोडली, तो जमिनीवर ठेवून पायानं स्प्रिंग दाबत जबडे उघडले, मग अलगद उचलून केकांच्या मधे ठेवला आणि हाडूक चापावर टाकलं. फाडकन आवाज झाला. हाडाचे तुकडे उडाले. मगज आणि रक्ताळ चरबीचे शिंतोडे चादरीवर, केकच्या साखरेवर आणि अध्यक्षांच्या बाहीवर पडले.

"हे माझं काम," अर्न म्हणाला. "नीट बघून घ्या. आणि हाडूक तरी मेलेल्या मेंढीचं होतं."

त्याला वाटलं होतं की लोकांना किळस येईल, आणि ती आलीही. नाकांना रुमाल लागले, कोणीतरी लेकराला बाहेर नेलं, केकवाल्या बाईंना रडू कोसळलं. पण सगळ्यांचे डोळे अर्नवर होते. सापळ्याकडे पाहून कोणाचं तोंड वाकडं झालं नाही. मागे सापळेवाले उभे होते, ते माना उंचावून पाहत होते, आणि त्यांतला एक हळूच म्हणाला, "बाप रे, मेंढीचं हाड फोडलं." ड्युल्सी नव्या झग्यात एकटी चालत घरी गेली.

पुढच्या आठवड्यात दुकानातले सगळे पेनगेली सापळे संपले. दुकानदारानं ते त्याला मुद्दाम थांबवून सांगितलं, वर त्याचा हात दाबून म्हणाला की अशी जाहिरात पैसे देऊनही होत नाही.

यानंतर अर्ननं पेटंट घेतलं नाही. शेडमध्ये काही सुचलं तरी तो ते तिथंच मोडून टाकायचा. ड्युल्सीशी हळूहळू जमलं. एके दिवशी तिनं काही न बोलता मेंढीचं मटण केलं आणि दोघं बरोबर जेवले. युद्ध आलं आणि गेलं. सापळे विकले जातच राहिले, आणि त्याचं नाव त्याला कधीही न भेटलेल्या माणसांच्या तोंडी राहिलं.

मग सरकारनं सशांमध्ये रोग सोडला. डासांनी तो नदीवरून वर आणला. ससे डोळे सुजून, पू गळून आंधळे झाले आणि उघड्या माळावर दिवसाढवळ्या बसून राहू लागले. तहानेनं ते पाण्याकडे येत. ज्या पवनचक्क्या अर्न सांभाळायचा त्यांच्या कुंडांत ते पडून फुगत. आता म्हातारपणी, पंप दुरुस्त करायच्या आधी, त्याला फावड्यानं कुंड रिकामं करावं लागे. जे जिवंत असत त्यांना तो काठीच्या एका घावात मोकळं करी.

अशाच एका कुंडापाशी मॅक भेटला. त्याच्या घरी सापळे खुंटीला गंजत होते. त्याला हे सगळं पाहून वाईट वाटत होतं, पण अर्नला वाटत होतं त्यापेक्षा वेगळ्या कारणानं.

"सशांचं संपलं," मॅक म्हणाला. "पण कोल्हे उपाशी मरतायत, आता ते कोकरांवर उठलेत. मालक लोक दर शेपटीमागे पैसे द्यायला तयार आहेत. तुझं डोकं अजून शाबूत आहे, अर्न. त्या स्प्रिंगला जरा मोठे दात लावले तर..."

अर्ननं त्याच्याकडे पाहिलं. रागवायचंही त्याला नको झालं होतं.

"मॅक," तो म्हणाला, "ते दुसरं फावडं घे आणि खड्डा तरी खण."

मॅकनं खड्डा खणला. दोघांनी कुंड उपसलं, विटेनं घासलं, पुन्हा भरलं आणि ते पाणीही सोडून दिलं. मग मॅकनं पलीकडे जाळ करून चहा ठेवला. अर्ननं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले, आणि पवनचक्कीवर चढायला लागला. चहा मॅक एकटाच प्यायला.