प्लगचे आटे

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं पूर्णगडला माझ्या सासूबाईंच्या बहिणीला भेटायला गेलो होतो. परत येताना पावस सोडलं, गोळपच्या सड्याचा, त्या कातळी माळाचा, चढ चढत असताना मोटरसायकलमधून फटाका वाजावा तसा आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. ह्यांनी गाडी कडेला घेतली. स्पार्क प्लग इंजिनच्या हेडमधून उडून बाहेर आला होता आणि वायरीला लोंबकळत होता. हे खाली वाकले. मी तो गरम प्लग पदरानं धरून वायरीतून काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्याच्या आट्यांना, स्क्रूसारख्या पिळांना, ॲल्युमिनियमचा चुरा चिकटला होता.

"आटे गेले," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"हेडमधले. आता प्लग त्यात राहणार नाही."

एवढं बोलून ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले. मला त्यांचं नवल वाटलं. गाडी बंद पडली की हा माणूस खूश होत असे. तरुणपणी बोटीवर इंजिनरूममध्ये होते, पुढे मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात मशिनरी सांभाळायला लागले. ही साडेतीनशे सीसीची जुनी मोटरसायकल त्यांनी एका बागायतदाराच्या गोठ्यातून, वर गवताच्या पेंढ्या रचलेल्या, अशी उचलून आणली होती आणि आमच्या पडवीत बसून एकेक भाग उघडून उभी केली होती. तिला कोणा गॅरेजवाल्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. त्या दिवशी मात्र गाडी चढवायला मासळीचा टेंपो मिळेपर्यंत ते त्या दगडावरून उठले नाहीत.

घरी आल्यावर मी म्हटलं, "द्या ना एखाद्या लेथवाल्याकडे."

"नको. मी करीन."

त्यांनी मोबाइलवरून सामान मागवलं. झिजलेले आटे मोठे करून कापायचा टॅप, आणि त्या नव्या आट्यांत बसवायची स्टीलच्या तारेची गुंडाळी. ते पार्सल आलं तरी खोका दोन रविवार कपाटावर तसाच होता. मी बँकेत जाते, मला रोज बघायला वेळ नसतो. पण एवढं कळत होतं, की हे टाळताहेत.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी गाडीची टाकी उतरवली. मी स्वयंपाकघरात सुरमईचे तुकडे धूत होते. पडवीतून पाना पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं परत आला. मग परत. हात धुऊन बाहेर गेले, तर हे हेडच्या नटाला पाना लावून दोन्ही हातांनी, अंग टाकून तो फिरवायला बघत होते आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"कोपरात कळ येते," मी न विचारताच ते म्हणाले. मग खाली बघत, "अगो, जरा धर."

मी पाना धरला. नट काही फार घट्ट नव्हता. माझ्या हातानं सुटला.

त्या दिवसाचं सगळं काम मग माझ्या हातांनी झालं. हेड काढून आम्ही ते जुन्या पाटावर, फडक्यावर उलटं ठेवलं. हेड न काढताही आटे पाडता येतात, पण चुरा सिलिंडरमध्ये पडतो आणि इंजिन खातो, असं ते म्हणाले. टॅपला रॉकेल लावलं. त्यांनी काटकोन बघायचा गुण्या आणून टॅपला दोन बाजूंनी टेकवून बघितला.

"सरळ आहे. आता फिरव. जोर नको. अर्धा फेरा पुढं, मग थोडा मागं. चुरा तुटला पाहिजे."

ॲल्युमिनियम कापलं जाताना हाताला कळतं. साबण कापल्यासारखं लागतं, मग अडतं, मग मागं फिरवलं की मोकळं होतं. मला ते जमायला लागलं तेव्हा गंमत वाटली. मी मान वर करून हसले आणि तेव्हा त्यांचा हात माझ्या नजरेसमोर आला. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस गेलं होतं. तिथं खळगा पडला होता. डाव्या हाताला तसा नव्हता.

मी टॅप सोडला नाही. फिरवत राहिले आणि विचारलं, "हे आटे गेले कसे?"

"जुनं हेड आहे."

"तुम्हीच तर सांगता, प्लग आधी बोटांनी बसवायचा, पाना शेवटी. मग आटे जात नाहीत म्हणून."

शेजाऱ्यांकडे कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता.

"बोटांनी बसेना," ते म्हणाले. "चिमटीत धरवत नाही. म्हणून पहिल्यापासून पाना लावला. तिरका गेला असणार. मला कळलं पण होतं. तरी आवळला."

"कधीपासून धरवत नाही?"

"गणपतीच्या आधीपासून. शर्टाचं बटण पण डाव्या हातानं लावतो."

मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. रागावावं की रडावं ते कळेना. "डॉक्टरकडे का नाही गेलात?" एवढंच म्हटलं.

"आधी हे पुरं कर," ते म्हणाले. "टॅप अर्ध्यावर सोडू नको."

मी ते पुरं केलं. चुरा पुसला, स्टीलची गुंडाळी आत फिरवत कडेच्या जरा खाली नेली आणि तिचं टोक त्यांनी सांगितलं तसं पकडीनं मोडून काढलं. मग प्लग बोटांनी लावला. सहज आत गेला. संध्याकाळपर्यंत हेड, नवं गॅस्केट, टाकी, सगळं जागेवर बसलं. कीक मारायला हे पुढं झाले, पाय उचलला आणि हँडल धरवेना म्हणून खाली टेकला. मग मीच मारली. बऱ्याच कीकनंतर इंजिन लागलं. त्यांनी प्लगजवळ कान नेला, कुठून हवा सुटतेय का ऐकलं.

"बरोबर आहे. बंद कर," म्हणाले आणि हात न धुता आत जाऊन पडले.

त्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातांत सुया टोचून तपासणी केली. स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत जातात, हा आजार थांबत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी औषधांबद्दल विचारत होते. ह्यांनी एकच विचारलं, "आता पुढे काय जाणार? पाय की बोलणं?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

डावा हात गेला, मग बोलणं जड झालं. पाय बरेच दिवस थोडेफार चालले, त्यामुळे ते घरात फिरत आणि काहीच करू शकत नाहीत म्हणून चिडत. मी भरवताना तोंड फिरवत. एकदा पेजेचा वाडगा त्यांनी कोपरानं उडवला. पडवीतली गाडी त्यांना नजरेसमोर नको झाली. धाकटे दीर येऊन ती पूर्णगडला घेऊन गेले, तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. त्या गाडीकडे बघून माझाही जीव तुटायचा.

पुढच्या पावसाळ्यात ते खाटेला लागले. शब्द म्हणून काही उरलं नव्हतं, नुसता घशातून आवाज यायचा आणि मी ओळखायचं. एका दुपारी ते एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत होते. मी पाणी दिलं. उशी बदलली. भांडं आणलं. खिडकी लावून घेतली, पाऊस आत येत होता म्हणून. प्रत्येक वेळी ते डोळे मिटून मान हलवायचे. मला कामं पडली होती, भाताला कढ येत होता, मीही वैतागले. "काय हवंय काय तुम्हाला?" असं जोरात बोलले.

त्यांनी परत तो आवाज काढला आणि नजर खाटेच्या कडेकडे नेली. तेव्हा कळलं. 'बस' म्हणत होते.

मी गॅस बंद करून आले आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांनी काही मागितलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच होतो. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.