एका सुताचं भांडण

आमच्या सुतारखान्यात मी पॉलिश करते, आणि वयानं बरोब्बर मधे आहे. म्हणजे दोन्हीकडून मार. मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे, मशीनवरची पोरगी सव्वीसची आणि मी सत्तेचाळीसची. मिस्त्री म्हणायचे, तुम्हीच लाडावून ठेवलंत या पोरांना. पोरगी म्हणायची, ताई, तुम्ही लोक यांना कधी उलट बोललाच नाहीत, म्हणून हे असे झाले. अरे, मी काय यांच्या घरी राहायला होते? पोरगी आल्यापासून तीन वर्षं हातात पॉलिशचा बोळा आणि कानात यांची गाऱ्हाणी. वात आणला होता दोघांनी.

आधी मिस्त्रींचं सांगते, कारण गोष्ट त्यांची आहे. माणूस चौदाव्या वर्षी रंधा घेऊन उभा राहिला, तो अजून बसलेला नाही. कानावर बोटाच्या पेराएवढी पेन्सिल. नवी दिली तर आधी तिचे तीन तुकडे करतात, लांब पेन्सिल कानाला जड होते म्हणे. गावात जिथे तिथे त्यांनी केलेली दारं. रस्त्यानं जाताना आपलं दार दिसलं की थांबायचं आणि टकटक करायची. आतून कुणी उघडलं तर, "काही नाही, बरं आहे ना, विचारत होतो," असं म्हणून पुढे चालू पडायचं. दार बरं आहे का विचारलं की माणूस, हे त्या घरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा परगावी. एकदा मला म्हणाले, बाई, घरी बसलो तर मी आठवड्यात आजारी पडेन. स्वतःच्या घराची दारं इतकी नीट बसवलीत की दुरुस्तीलासुद्धा काही सापडत नाही.

कामाची वाटणी अशी होती. मिस्त्री टेप घेऊन जायचे, चौकट मोजायचे आणि दाराचं माप कागदावर लिहून आणायचे. पोरगी त्या मापानं दार कापायची. मग ते बसवायलाही मिस्त्रीच. आणि पोरीचा सगळा जीव त्या टेपमध्ये अडकलेला. दोन वर्षं रीतसर शिकून आलेली ती. मी काय जन्मभर यांनी आणलेले आकडे कापत बसू, हे उठणार कधी, असं ती मला रोज विचारायची. मिस्त्री तिकडून सांगायचे, ही मला उठवायलाच आली आहे. ती त्यांना पाठीमागे म्युझियम म्हणायची, ते तिला तोंडावर इंजिनेरीण म्हणायचे. ते "आमच्या वेळी" म्हणाले की ती मशीनमागच्या भिंतीवर खडूनं एक रेघ मारायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात-आठ तरी व्हायच्या.

पण दारं? दारं अशी बसायची की पाहत राहावं. तीन वर्षांत एक परत आलं नाही. मिस्त्रींना वाटायचं आपल्यामुळे, तिला वाटायचं आपल्यामुळे.

एक दिवस ती कानात गाणी लावून मशीन चालवत होती. मिस्त्रींनी मागून येऊन मशीनच बंद केलं आणि सगळ्यांसमोर तिला झाडलं. बोट गेलं तर गाण्यातून परत येणार आहे का, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं, पण बोलायची रीत म्हणून काही असते की नाही? पोरगी तडक मालकांकडे गेली. मी बाहेर खुर्चीला पॉलिश करत होते, सगळं ऐकलं. ती म्हणाली, मिस्त्रींना आता दिसत नाही. त्यांचं प्रत्येक माप एक सूत जास्त असतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिलिमीटरमध्ये तीन. अगदी पहिल्या दाराच्या वेळी तिनं गुपचूप जाऊन चौकट मोजून पाहिली होती, तेव्हापासून ती न बोलता एक सूत कमी कापत आली होती, म्हणून दारं बसत होती. मालकांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, दवाखान्याची अकरा दारं तेवढी होऊ देत. मग मिस्त्री घरी आणि टेप तुझ्याकडे.

हवं ते मिळालं, तर माणसानं पोटभर जेवावं ना. हिचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रींना म्हणाली, मला चष्म्याच्या दुकानात जायचंय, सोबत चला. तिथे नेऊन बसवलं त्यांनाच. चष्मेवाला म्हणाला, अर्ध्या नंबरचा फरक आहे, या वयात याहून चांगले डोळे कुठे असतात? तरी तिनं हट्टानं नवी काच घालून घेतली.

मिस्त्री परत आले ते चष्मा पुसत. मला हळूच म्हणाले, "बाई, पोरगी वाईट नाही हो. रेघ खाते, तेवढंच."

रेघेच्या बाहेरून कापलं तर रेघ राहते. रेघेवरूनच करवत फिरवली की रेघ खाल्ली म्हणतात, आणि दार कमी भरतं. मी म्हटलं, काहीतरी खोड काढल्याशिवाय यांना अन्न पचत नाही. तेव्हा त्या वाक्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

दवाखान्याच्या चौकटी त्यांनी नवा चष्मा लावून मोजल्या. पोरीनं कागदावर होतं तेच माप कापलं. मी पॉलिश चढवलं. बसवायच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो, मालकसुद्धा. पहिलं दार चौकटीत जाईना. दुसरं अडलं. तिसरं लावून पाहिलं, तेही तसंच. अकराच्या अकरा दारं एकेक सूत मोठी. मालकांचा चेहरा लाल झाला आणि पोरीचा पांढरा.

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चूक माझी आहे," ते मालकांना म्हणाले. "माप मी एक सूत वाढवून लिहितो. ही आली त्या दिवसापासून."

मालकांनी का म्हणून विचारलं.

"ही तरुण पोरं घाईची. रेघ खाणारच. आधीच वाढवून दिलं की खाऊन उरेल ते बरोबर येतं."

"मी एकदाही रेघ खाल्लेली नाही," पोरगी म्हणाली.

"मग तीन वर्षं दारं बसली कशी?"

"मी एक सूत कमी कापत होते म्हणून. मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मालकांनाही मी तसंच सांगितलं, काका. या कामानंतर तुम्हाला घरी बसवायचं ठरलंय, ते माझ्यामुळे."

मिस्त्री दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी विचारलं, "या खेपेला का नाही कमी कापलंस?"

"नवा चष्मा होता ना."

मला हसू फुटलं. दवाखाना आहे, हळू, असं नर्स येऊन सांगून गेली तरी थांबेना. सुतावरून स्वर्ग गाठतात असं ऐकलं होतं, या दोघांनी एका सुतावरून अख्ख्या पिढीचं माप काढलं होतं. एकमेकांवर विश्वास नव्हता तोवर दारं बसत होती, आणि जरा माया केली तर अकरा अडली! मालक आधी रागानं माझ्याकडे बघत होते, मग तेही तोंड फिरवून हसायला लागले.

मिस्त्रींनी पिशवीतून दोन रंधे काढले आणि एक पोरीच्या हातात दिला. मशीनवर शिकलेली ती, हातरंधा कधी धरलेला नव्हता. पहिल्या फटक्याला रंधा अडकला. त्यांनी मागून तिचे दोन्ही हात धरून दाखवलं, जोर खांद्यातून, मनगटातून नाही. दिवसभर दोघं अकरा दारांचं एकेक सूत काढत होती आणि मी भुसा झाडून कडांना पॉलिश लावत होते. मधेच मिस्त्री म्हणाले, "आमच्या वेळी," आणि थांबले. तिच्याकडे बघून म्हणाले, "मार, मार खडूची रेघ. मला काय माहीत नाही होय?"

संध्याकाळी अकरावं दार लागलं. मालक म्हणाले, कुणी घरीबिरी बसायचं नाही, टेपचं काय ते तुम्ही दोघं ठरवा, मला फक्त बंद होणारी दारं द्या. मिस्त्रींनी खिशातून टेप काढून तिच्या हातात ठेवली. म्हणाले, मोजायला तू जा, मला ते मशीन शिकव. पन्नास वर्षं त्यांच्या खिशात असलेली वस्तू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत कशाला.

पुढच्या आठवड्यात ती पहिलं माप घेऊन आली. मिस्त्री मशीनपाशी उभे, कानावर पेन्सिल. कागद त्यांनी चष्म्यातून वाचला, परत वाचला.

"खरं सांग. वर किती धरलंस?"

पोरगी जमिनीकडे बघायला लागली. "एक सूत," ती म्हणाली. "मशीनवर नवे आहात, म्हटलं रेघ खाल."

"बरं झालं सांगितलंस," मिस्त्री म्हणाले, "मी एक सूत कमी कापतो." आणि त्यांनी मशीन सुरू केलं.