थर्मासमधली गाठ

भोरच्या दवाखान्यात कॅन्सरची गाठ कापली, की तिचा तुकडा तपासायला न्यायला एक संशोधक डॉक्टर मुंबईहून येत. तुकडा बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवत, आणि परतीच्या एसटीत लोक त्यांच्याकडे चहा मागत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून लेबलं लिहायला मला बसवलं होतं. बोलावं लागत नसे, ते बरं होतं. अशा गाठीत व्हायरस असतो, असा त्यांचा संशय होता. अजून एकदाही सापडला नव्हता. कुणी विचारलं, की चष्मा पुसत म्हणत, "असावा, असावा."

एकदा वेल्ह्याकडची एक धनगर म्हातारी छातीची गाठ काढून घरी निघाली. न्यायला आलेली सून दारातच अडली. "लागनारा रोग हाय म्हनं. आत्याबाईंची वाकळ शेरडांच्या खोपटात टाकनार म्या. घरात ल्हान पोरं हाईत."

म्हातारी डॉक्टरांकडे वळली. "व्हय वो डाक्टर, लागतो का ह्यो?"

मी 'असावा'ची वाट पाहत होते.

"नाही," ते म्हणाले. मग तिचा उष्टा तांब्या उचलून, वरून न पिता, तोंड लावून सगळं पाणी प्यायले. सून बघत राहिली. मग तिनं सासूला हात दिला. "चला आत्याबाई. घरातच निजा."

त्या गेल्यावर मी धीर करून विचारलं, "म्हणजे व्हायरस नाही?"

"असावा," ते म्हणाले, आणि घाईनं मोरीवर जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिले. मी मान वर न करता लेबल लिहीत राहिले.