झोपेतली पसंती

मला एका माणसानं झोपेत पसंत केलं होतं. स्वप्नात नव्हे, झोपेत; तोंड उघडं टाकून, आमच्या ओसरीतल्या बाजेवर.

हल्ली घरात कोणी परदेशातून आलं की सगळे पाय न वाजवता चालतात. परवा भाचा आला तर दिवसभर पडदे ओढलेले, आणि कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून कुकर शेजारणीच्या गॅसवर. का, तर त्याला जेट लॅग झालाय. हा शब्द ऐकला की मला आधी हसू येतं आणि पाठोपाठ रागही येतो. माझ्या तरुणपणी आमच्या बोरी गावात हा शब्द कोणाला ठाऊक असता, तर माझ्या बघण्याचा एवढा तमाशा झाला नसता.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. मोर्चे निघायचे, एसटी बंद व्हायची, आणि मी बाहेरून देत असलेली बी.ए.ची परीक्षा पुढे ढकलली जायची. परीक्षा लांबली तसं माझं वय वाढलं, असा काकांचा हिशेब होता. परीक्षा वेळेवर झाली असती तर वय जागच्या जागी थांबलं असतं जणू. विद्यापीठाला कोणाचं नाव द्यावं आणि देऊ नये, यावर आमच्या ओसरीत रोज संध्याकाळी भांडण पेटे. चहा संपे, भांडण संपत नसे. माझ्या नावापुढे कोणाचं नाव लागावं, याबाबतीत मात्र त्याच मंडळींचं एकमत होतं. ते आपण ठरवायचं, तिला काय विचारायचं!

मी गावातल्याच शाळेत भूगोल शिकवत होते. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांकडे जमीन बरी होती, आणि धाकटे काका त्यांच्याच घरात राहून सगळ्या जगाचा कारभार बघायचे. हे अमेरिकेचं स्थळ काकांनीच आणलं. मुलगा इंजिनियर, मूळचा परभणीचा. तीन आठवड्यांची रजा काढून येणार, मुली बघणार, एक ठरवणार, लग्न लावणार आणि तिला मागून बोलावून घेणार. आमच्याकडे कापूस घ्यायला येणारा व्यापारीसुद्धा याहून जास्त दिवस मुक्काम करायचा.

खरं सांगते, अमेरिकेला माझी हरकत नव्हती. नकाशावर छडी लावून रोज पोरांना ती दाखवणारी मी, आणि माझी स्वतःची मजल औरंगाबादच्या पलीकडे गेलेली नव्हती. जायला आवडलं असतं मला. फक्त एक गोष्ट आधी विचारून घ्यायची होती: तिथं मला शिकवायला मिळेल का? मायजवळ हे बोलले तर ती हातातलं पीठ तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"पोरी इचारत नसतेत," ती म्हणाली. "ते इचारतेल, तू सांगायचं."

बरं, म्हटलं. त्यानं निदान एक तरी प्रश्न विचारावा, म्हणजे त्याच्या शेपटाला माझा प्रश्न बांधून देईन. माझी सगळी मदार त्याच्या तोंड उघडण्यावर होती. तोंड त्यानं उघडलं, पण निराळ्या कामासाठी.

पाहुणे जीपमधून आले: मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मुलगा आदल्या दिवशी विमानातून मुंबईत उतरला होता, तिथून रात्रभर रेल्वेनं परभणीला. मामा ओसरीत पाय ठेवता ठेवता सांगत होते, "मनमाडला गाडी बदलायची तर ह्याला दोघा हमालांनी मिळून उठवलं." परभणीला आंघोळ झाली न झाली तोच त्याला जीपमध्ये घालून आधी पिंगळीला एक मुलगी दाखवली होती आणि मग बोरीला आणलं होतं. एका दिवसात दोन मुली उरकल्या की डिझेल वाचतं, हे मामांनीच कौतुकानं सांगितलं.

मुलाच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता. घरात येऊन बसला तरी त्यानं तो काढला नाही. तिकडे काढत नसतील, असं समजून कोणी काही बोललं नाही. त्याच्या हातात पोह्यांची ताटली दिली. सकाळपासूनची ती दुसरी ताटली असणार.

मला बाहेर बोलावलं. डोक्यावर पदर घेऊन, पायाच्या अंगठ्याकडे बघत मी पाटावर बसले. माय दाराआड उभी. प्रश्न विचारायचं काम मामांनी आपल्याकडे घेतलं होतं. शिक्षण किती, रास कोणती, शाळा लांब आहे का जवळ. मग म्हणाले, "भाकरी थापता येती का?" अमेरिकेत ज्वारीचं पीठ कुठल्या गिरणीतून येणार होतं देव जाणे. येते, म्हटलं. मुलगा गप्प होता. मी नजर जरा वर केली तर गॉगल थेट माझ्यावर रोखलेला.

काकांना कुजबुजणं कधी जमलं नाही. ते दादांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "लय बारकाईनं बगायलाय. मान सुदा हालू देईना."

मला घाम फुटला. इतकं कोणी कधी बघितलं नव्हतं माझ्याकडे. आता विचारेल, मग विचारेल, म्हणून मी मनातल्या मनात माझं वाक्य घोळवत होते. तेवढ्यात त्याची मान हलली. मामा खुशीत आले, "मुलगी पसंत दिसायलीय." मान पुन्हा हलली. दाराआड मायनं देवाला हात जोडलेले मला बांगड्यांच्या आवाजावरून कळले. तिसऱ्यांदा मान खाली गेली ती वर आलीच नाही, आणि गॉगल पोह्यात पडला.

ताटली मात्र त्यानं सोडली नाही, हे मानलं पाहिजे. त्याचे मिटलेले डोळे सगळ्यांना दिसले आणि मग बारीक घोरणंही ऐकू आलं.

घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच आलं: पिऊन आलाय. तसं विचारणार कसं? आमच्याकडे पाहुण्याला अत्तर लावायची निजामाच्या काळापासूनची रीत. काका अत्तराची कुपी घेऊन लगबगीनं पुढे झाले ते मान राखायला नव्हे, तोंडाचा वास घ्यायला. पण घाईत त्यांनी आधी अत्तर लावलं आणि मग वाकून हुंगलं. परत येऊन गंभीर चेहऱ्यानं दादांना म्हणाले, "हिना हाय."

मुलाची आई ओशाळली होती. मामा मुळीच ओशाळले नव्हते. उलट त्यांची छाती फुगली. "तिकडं आता रात्र हाय," ते म्हणाले. "अमेरिकेत सगळे लोक आत्ता झोपलेले असतेत." भाचा एकटा नाही, अख्खा देश झोपलाय, मग त्यात कसली लाज!

"मग दिवस कवा उगवतो तिकडं?" काकांनी विचारलं.

"आपल्याकडं बुडाला की."

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे आपुन वापरून झाला की मग त्यांला मिळतो. शिळाच की!"

हे मुलाच्या आईला आवडलं नाही. मी अजून पाटावरच होते. पृथ्वी कशी फिरते, रेखांश बदलले की वेळ कशी बदलते, हे मी सातवीच्या वर्गाला टोपीएवढा गोल फिरवून शिकवत असे. हा माणूस का झोपलाय हे त्या ओसरीत मला सगळ्यात नीट कळत होतं, आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. त्याची मला कीवही आली. बिचाऱ्याला दोन दिवस गादीवर झोपू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आईला सून पाहिजे होती, मामाला डिझेल वाचवायचं होतं. त्याला उचलून बाजेवर आडवं केलं, बूट काढले, अंगावर चादर टाकली, आणि मला आत पाठवलं.

मग त्याच्या उशाशी बसून बोलणी सुरू झाली. काकांनी पंचांग उघडलं. दिवस मावळायच्या आत वेळ चांगली होती, पुढचे काही दिवस ठीक नव्हते. मुलाची रजा थोडी, दादांना पोरगी उजवायची घाई. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. साखरपुडा, अक्षता सगळं नंतरचं, शोभेचं. फोडलेली सुपारी मोडली तर मुलीच्या नावाला डाग लागतो. मुलाच्या नावाला काय लागतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

राहता राहिला मुलाचा होकार. मामांनी त्याचा खांदा हलवला. "पसंत हाय का रं?"

"हूं."

"पोरगी पसंत हाय म्हन की!"

"हूं."

"झालं!" मामा म्हणाले. घर पेटलंय का रे, असं विचारलं असतं तरी 'हूं'च आलं असतं. काकांनी सुपारी आणि अडकित्ता घेतला.

मी स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होते. त्या क्षणी मी विचार वगैरे काही केला नाही. या माणसानं मला बघितलेलंच नव्हतं. आणि जन्मभरासाठी मी त्याच्या नावावर चालले होते. पदर सावरायचंही भान नव्हतं. मी बाहेर आले आणि दादांसमोर उभी राहिले.

"दादा, बाजारात तुमी झोपलेला बैल कवा घेतलाव का? उठवून, चालवून, दात बघूनच घेता ना?"

काकांचा अडकित्ता तसाच उघडा राहिला. मुलाची आई ताडकन उठली, "आमचं लेकरू बैल हाय का?" ती इतकी संतापली की तिनंच तांब्यातलं पाणी घेऊन लेकराच्या तोंडावर मारलं.

तो उठून बसला. दिवस कलला होता, अंगणात तिरकं ऊन आलं होतं. डोळे चोळत त्यानं सगळ्यांकडे बघितलं, "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि दात घासायला ब्रश मागितला.

"ब्रश राहू दे," मामा ओरडले. "मुलगी पसंत हाय का तेवढं सांग."

तो गोंधळला. "कोणती? सकाळची?"

त्याच्या आईनं माझ्याकडे हात केला. त्यानं मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते, पण चांगले होते. बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "हां, चालेल."

खिशातल्या सुट्ट्या पैशांत फाटकी नोट आली तर माणूस असंच म्हणतो. मी माझा प्रश्न विचारला. "तिथं मला शिकवता येईल का?"

"काय शिकवता?"

"भूगोल."

त्यानं खरोखर थोडा विचार केला. "तिकडं भूगोल कोणाला लागत नाही," तो म्हणाला, आणि त्याला अशी जांभई आली की बघून मामांनाही आली. माणूस वाईट नव्हता. खोटं बोलून मला फूस लावता आली असती, तेवढंही त्यानं केलं नाही.

"मग मला न्हाई चालत," मी म्हटलं.

"चेष्टा करायलीय हो पोरगी!" काका घाईघाईनं हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आत जा म्हणतील, हात उचलतील, काय करतील याचा मला अंदाज येईना. मग त्यांनी काकांच्या हातातली सुपारी घेतली आणि पानाच्या डब्यात परत टाकली. "पोरगी न्हाई म्हणायलीय," ते पाहुण्यांना म्हणाले. असं काही असू शकतं हे त्यांनाच त्या वेळी कळत असावं, असा त्यांचा आवाज होता.

जीप गेली. जाताना त्या सगळ्यांत ताजातवाना एकटा मुलगाच होता; त्यानं मला नमस्कारही केला. पुढे त्याचं लग्न चुडावा गावच्या मुलीशी झालं. तिला बघायला तो रजेच्या शेवटी गेला, म्हणजे जागेपणी. सुखात आहेत म्हणे, असोत.

काका रागानं जेवायलाच आले नाहीत. माझ्यामुळे काय काय गेलं याची यादी ते ओसरीतून ऐकवत राहिले. त्यात विमान होतं, मोटार होती, आणि त्यांना स्वतःला मिळणार असलेलं घड्याळही होतं. चुलीपुढे माय भाकरी थापत होती, एरवीपेक्षा जोरात. दादा ताटावर बसले होते.

"अमेरिका दारात चालत आली व्हती," माय मला म्हणाली. "दमलेलं लेकरू झोपलं, त्यात काय झालं? तुझे दादा तर मला बगायलाच आले नव्हते. सासऱ्यानं बगितलं, त्यांनीच हो म्हटलं. हे तवा रानात व्हते."

"आन् तुला कोनी इचारलं असतं तर?" मी म्हटलं.

"मला? मी न्हाईच म्हणले असते."

बोलून गेल्यावर तिला कळलं. मी दादांकडे बघायचं टाळलं. बाहेर काकांची यादी चालूच होती. दादांनी हातातला घास ताटात ठेवला आणि खाली बघतच विचारलं.

"आन् आता?"

मायला त्यांनी काही विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ते सांगत, ती करी. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पदरानं कपाळ पुसलं, आणि त्यांच्याकडे नीट, डोळे उघडून बघितलं.

"इचार करून सांगते," ती म्हणाली.

त्या रात्री दादांना झोप लागली नाही.