घडी न मोडता बायपास

छातीत कळ आली तर विश्वास कोणावर ठेवाल, डॉक्टरवर की चहाला जमलेल्या दोस्तांवर? नामदेवला बायपास सांगितली, तेव्हापासून आमच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा किस्सेच जास्त जमले.

नामदेव माझा भागीदार, उमरेडच्या विणकरांच्या घरातला. त्याच्या मोठ्या भावाची, शंकरदादांची, बायपास जुनी. छातीचं मधलं हाड कापून केलेली. दादांना कित्येक महिने कुशीवर झोपता आलं नव्हतं. म्हणून नामदेव अडून बसला. "मरण परवडलं, पण तसं उसवून घेणार नाही." एका दोस्तानं दुधीचा रस सुचवला, दुसऱ्यानं लसूण. नामदेवनं दोन्ही घेतलं. कळ थांबली नाही.

*

सर्जन म्हणाले, "तुमचं काम बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून होईल. सगळ्यांचं होत नाही."

नामदेव म्हणाला, "साहेब, घडी न मोडता साडी आतून फाटली की नाही, हे मलेही समजत नाही. तुम्हाले कसं समजते?"

"घडी मोडतो ना. फक्त पूर्ण साडी पसरत नाही."

*

तरी माल पाहिल्याशिवाय सौदा नाही. तशीच बायपास झालेल्या एक बाई मनीषनगरात राहतात असं कळलं. नरखेडची संत्री घेऊन, चेहरे पाडून आम्ही गेलो. दार उघडणाऱ्या बाईंना नामदेवनं हळूच विचारलं, "पेशंट जागे आहेत काय?"

"जागीच आहे. पिशवी तुम्हीच आत ठेवा, मले अजून वजन उचलायची मनाई आहे."

जिना उतरता उतरता नामदेव म्हणाला, "तारीख घेऊन टाक."

*

ऑपरेशननंतर भेटायला गेलो, तर खाट रिकामी. मी दाराशी उभ्या असलेल्या नामदेवच्या बायकोकडे धावलो.

वहिनी म्हणाल्या, "घाबरू नका भाऊजी, फिरून राहिले तिकडे. पडद्याचं कापड कसं आहे, ते नर्सले समजावून राहिले."

*

नामदेव घरी आल्यावर दादा पाहायला आले. खूण निरखून म्हणाले, "तुले तर नुसतं रफू केलं गा. मले पूर्ण उसवलं होतं." दोघं भाऊ हसले. दादा मुक्कामालाच राहिले.

तपासणीला आम्ही तिघं गेलो. सर्जननी विचारलं, "दुखतं का?"

"बिलकुल नाही. मस्त," नामदेव म्हणाला.

दादा खुर्चीतून उठले. "साहेब, हा कूस बदलताना तोंडात उशी धरते. मी बाजूलेच झोपतो."

सर्जननी गोळ्या बदलून दिल्या. बाहेर येताच नामदेव चिडला. "काहून सांगितलं दादा? सोपी बायपास म्हणून अख्ख्या बाजाराले सांगून ठेवलं मी."

दादांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "मीही तवा मस्तच म्हणत होतो. आई ते ऐकून झोपे, मी मात्र रातभर जागाच. तू हिशोब खरा ठेवजो, नामा. दुखलं तितकं दुखलं म्हणजो."