अंबाडीच्या पाण्याचा कायदा

माझं लग्न झालं तेव्हा सासरे आमदार होते. आमचं राज्य तेव्हा मध्य प्रदेश, आणि विधानसभा नागपूरला. नागपूरहून मंगरूळपीरमार्गे मोटारीने परतले की ते आधी गोठ्यात बैलांच्या पाठीवर हात फिरवायचे, मग घरात यायचे.

एका वर्षी नदीनाल्यांचं पाणी घाण करण्यावर बंदी घालणारा कायदा सभागृहात विचारासाठी आला. आमच्याकडे दसरा झाला की अख्खं गाव अंबाडीच्या पेंढ्या नदीच्या डोहात भिजत घाली, दोरासाठी वाख निघावा म्हणून. पाणी काळं पडे, मासे उलटे तरंगत, आणि आम्ही बायका वाळूत झिरे खणून प्यायचं पाणी भरायचो. सासऱ्यांना त्यावर बोलायचं होतं. सभागृहात ते तोवर एकदाही बोलले नव्हते.

तालमीसाठी त्यांनी मला बाजेवर बसवलं. "तू अध्यक्ष. मी चुकलो तं थांबव." सून बाजेवर अन् सासरा उभा! पदर तोंडाला लावून मी हसू दाबत होते.

"अध्यक्ष महोदय, डोहात अंबाडी सडवणाऱ्याले दंड झालाच पायजे!"

चुलीजवळून सासूबाई म्हणाल्या, "अन् मंग भिजवाची कुठी? तुमच्या टोपीत?"

"तू मधात काहून बोलून राह्यली? अध्यक्षाची परवानगी घे."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काय वं, बोलू का?"

"बोला," मी म्हणाले. त्या घरात माझ्या परवानगीने कोणी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

"दोर नसला तं मोट कशी चालन? आंदी जागा दाखवा, मंग दंड करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे-सासूबाई दोघं नदीकाठाने खाली गेले आणि पाणी साचलेली एक जुनी खदान हेरून आले. ती दूर पडते म्हणून लोक कुरकुरले, पण सासूबाईंनी अंबाडीची पहिली गाडी आमचीच जुंपायला लावली.

नागपुरात सासऱ्यांनी तेच मांडलं: आधी गावाला वेगळी जागा नेमून द्या, मग दंड. घाबरून अर्धं भाषण वऱ्हाडीतच झालं. सभागृह हसलं, पण मंत्र्यांनी सूचना लिहून घेतली, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. पुढे राज्यच बदललं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि त्या कायद्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

पण त्या कार्तिकात डोहाचा तळ स्वच्छ दिसत होता. घागर भरून झाली तरी मी पाण्यात पाय सोडून बसून राहिले, घरी भाकरी टाकायच्या होत्या तरी.