क्रेनवरच्या बिया

माझे धाकटे काका एका कारखान्यात क्रेन चालवतात. छताजवळच्या रुळांवरून पुढे-मागे जाणारी क्रेन, तिच्या पोटाशी लटकलेली काचेची केबिन आणि त्या केबिनमध्ये काका. एकदा शिडी चढून वर गेले की जेवणाच्या सुट्टीशिवाय ते खाली उतरत नाहीत. वर कोणी डोकं खात नाही, हे त्या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख, असं ते सांगतात.

त्यांची एक सवय होती. माल जागेवर टेकला की तोंडात काहीतरी पडलंच पाहिजे. खाली माल हुकला अडकवणारा-सोडवणारा हुकवाला साखळ्या सोडवतो तोवर चिप्सचा एक बकाणा, रिकामा हुक परत आणताना दुसरा. तेव्हा एक हात लिव्हरवर पुरतो, दुसरा पाकिटात. आज किती माल हलला असं सुपरवायझरने विचारलं, तर काकांच्या शर्टावरचा चुरा बघून सांगतो, असं हुकवाला म्हणायचा.

यंदाच्या तपासणीत काकांचा रक्तदाब जास्त निघाला. कारखान्याच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं आणि पुढच्या तपासणीपर्यंत रोज दाब मोजूनच वर चढायची अट घातली. त्या तपासणीतही आकडा खाली आला नाही, तर क्रेन बंद आणि गोदामात बदली. माणूस वर चक्कर येऊन पडला तर खालच्यांचं काय होईल, हे काकांना समजावून सांगावं लागलं नाही. पण गोदामाचं नाव निघालं की ते ताटावरून उठायचे.

मग काकूंनी पदर खोचला. भाजी-आमटीतलं मीठ त्यांनी कमी केलंच, पण खरी गोम केबिनमध्ये आहे हे त्या ओळखून होत्या. किराणा मालाच्या मोठ्या दुकानात त्यांना ठळक हिरव्या अक्षरांत ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेल्या चिप्स दिसल्या. नेहमीच्यापेक्षा महाग, पाकिटावर शेत आणि कोवळं ऊन. काकांना चव आवडली. इतकी आवडली की एकाऐवजी दोन पाकिटं वर जायला लागली. चांगलंच आहे ना, मग हात आखडता कशाला, असा हिशोब. काकूही कौतुकाने पिशवी भरून द्यायच्या.

दाब मात्र ढिम्म. उलट जरासा चढलाच. खाण्यात काय असतं, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, तेव्हा काकांनी ऐटीत पाकीट काढून दाखवलं. बाईंनी ते उलटं केलं आणि मिठाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मीठ जुन्या चिप्सइतकंच होतं. बटाटा रासायनिक खताशिवाय वाढला होता, एवढाच काय तो फरक.

घरी हे ऐकून काकू बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “मीच तुम्हाला भरभरून दिलं की हो.”

“अगं, तोंड तर माझंच होतं,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू चष्मा घेऊन दुकानात गेल्या. एकेक पाकीट उलटं करून वाचायला लागल्या. रॅकवर माल लावणाऱ्या मुलीने विचारलं, परीक्षा आहे का काकू? यांची आहे, अभ्यास मी करतेय, असं काकूंनी सांगितलं. अगदी खालच्या फळीवर सूर्यफुलाच्या बियांच्या साध्या पिशव्या होत्या. ऑर्गॅनिक होत्याच, आणि मागे घटक म्हणून बियांशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. सोललेल्या संपल्या होत्या, म्हणून काकूंनी सालासकट उचलल्या.

पहिल्या दिवशी काका वैतागून घरी आले. बी सोलायला दोन्ही हात लागतात, दात लागतात, आणि एक दाणा हाती येतो न येतो तोच खालून हुकवाल्याचा इशारा येतो. हे खायला रजा काढावी लागेल, म्हणाले. त्यात सालं केबिनच्या फटीतून थेट हुकवाल्याच्या हेल्मेटवर.

“काका, वर पोपट पाळलाय की काय?” त्याने खालून विचारलं, आणि काकांचं नवं बारसं झालं. काकांनी मग सालांसाठी एक रिकामा डबा वर नेऊन ठेवला.

काही दिवसांनी दुकानात सोललेल्या बिया आल्या. काकूंनी हौसेने आणल्या. काकांनी पिशवी हातात घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली आणि परत दिली.

“सालासकटच आण. सोललेलं असलं की माझा हात थांबत नाही.”

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी दाब दोनदा मोजला. आकडा मर्यादेत होता, अगदी काठावर, पण आत. गोळी चालू ठेवा आणि क्रेनही, एवढंच ते म्हणाले. काकांनी काकूंना फोन करून तेवढंच सांगितलं. काकूंनी विचारलं, पिशवी नेली ना?

नेली होती. काका शिडी चढले, केबिनचं दार लावलं. हुकवाल्याने साखळ्या अडकवल्या आणि अंगठा वर केला.

“घ्या वर, पोपटराव.”

काकांनी दोन्ही हात लिव्हरवर ठेवले.